सायकलची सीट आणि आंब्याच्या खोक्याचा पुठ्ठा

साताऱ्याच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ४४, बँकेत नोकरी. पाच वर्षांपूर्वी त्यांनी हायब्रिड सायकल घेतली. सकाळचे वीस किलोमीटर आरामात होतात. यंदा आषाढीच्या आधी गावातल्या सायकल ग्रुपबरोबर सातारा ते पंढरपूर एका दिवसात जायचं ठरवलं, म्हणून दर रविवारी लांबची राइड सुरू केली आणि तिथेच घोडं अडलं. चाळीस किलोमीटरच्या पुढे सीटवर बसवत नाही. डाव्या जांघेत कातडी सोलवटते. पुढच्या भागाला मुंग्या येतात, मग तो बधिर होतो. आधी जेलचं कव्हर घातलं, मग स्प्रिंगवाली रुंद गुबगुबीत सीट बसवली, तर त्रास उलट वाढला. ग्रुपमध्ये बारा पुरुष आणि या एकट्या बाई. 'दुखतंय' एवढंच सांगता येतं, कुठे ते सांगता येत नाही. सगळे म्हणतात, "सवय होईल, ताई." घरचे म्हणतात, "या वयात हवंय कशाला हे?" त्या विचारतात: आता तिसरी, महागडी सीट घेऊ, की माझं शरीर या कामाचं नाही असं समजून वारीचा नाद सोडू?

ताई,

पत्रात तुम्ही दोन ठिकाणी वाक्य अर्धवट सोडून पुढे नुसती टिंबं दिली आहेत. ती टिंबं मला वाचता आली. मी पहिल्यांदा दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला पुरा करायच्या राइडला, उतरले तेव्हाची गोष्ट. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे असतात. मी वेळेत पोचलेही. पण शेवटचे साठ किलोमीटर कधी एका बाजूवर, कधी दुसऱ्या बाजूवर टेकत काढले, आणि घरी आल्यावर आठवडाभर देवापुढे मांडी घालून बसता आलं नाही. विचारणाऱ्या प्रत्येकाला मी "पाय दुखतायत" असं सांगितलं. पाय अजिबात दुखत नव्हते. निघताना एका अनुभवी सायकलवाल्यांनी चांगल्या मनाने माझी सीट दोन बोटं वर करून दिली होती, पायांना जोर जास्त मिळतो म्हणून. त्या दोन बोटांनी घात केला, हे कळायला मला पुढे चार महिने लागले. तुमचे ते चार महिने वाचावेत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही दोन पर्याय मांडलेत: महागडी सीट, नाहीतर वारी रद्द. महिनाभर दोन्ही बाजूला ठेवा. दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे, की दोष एक तर सीटमध्ये आहे नाहीतर तुमच्या शरीरात. या दोघांची गाठ जिथे पडते ती जागा कुणी तपासलेलीच नाही. सीट किती उंच आहे, किती पुढे-मागे आहे, तिचं नाक, म्हणजे पुढचं निमुळतं टोक, वर आहे की खाली, यातलं काहीच पत्रात नाही. पाच वर्षांपूर्वी दुकानदाराने पाना फिरवून जिथे आवळली तिथेच ती असणार. नंतरच्या नव्या सीटही अंदाजपंचेच बसल्या असणार.

आता ते 'सवय होईल' प्रकरण. सवय होते, हे खोटं नाही. पण कशाची होते ते बघायला हवं. नव्याने लांब सायकल चालवणाऱ्याला कुल्ल्यांच्या खाली दोन ठिकाणी, आत खोल, मुका मार लागल्यासारखं दुखतं. दुसऱ्या दिवशी खुर्चीवर बसताना आठवण येते, तिसऱ्या दिवशी ओसरतं, आणि पाच-सहा राइडनंतर जवळजवळ जातं. याची सवय होते. कातडी सोलवटण्याची सवय होत नाही. बधिरपणाची तर होऊच द्यायची नसते. शेतकऱ्याला हे कळतं. जू नीट बसलं नाही की बैलाला खांदेसूज येते. तेव्हा तो 'सवय होईल' म्हणून नांगर हाकत नाही. आधी बैल सोडतो, मग जू बघतो.

बधिरपणाचं आधी सांगते, कारण त्यात वेळ घालवायचा नाही. बसण्याच्या हाडांच्या आतल्या बाजूने नाजूक भागाकडे नस आणि रक्तवाहिन्या जातात. वजन हाडांवर न पडता मधल्या मऊ भागावर पडलं की त्या चेपल्या जातात. आधी मुंग्या येतात, मग काही कळेनासं होतं. अमेरिकेत सायकलवर गस्त घालणाऱ्या पोलिसांना हाच त्रास व्हायचा. तिथल्या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेने त्यांना सहा महिने बिननाकाच्या सीटवर बसवून पाहिलं. दाब कमी झाला आणि बहुतेकांचा बधिरपणाही कमी झाला. ते सगळे पुरुष होते, पण नस चेपली की बधिरपणा येणार, याला बाई-पुरुष असा भेद नाही. म्हणून आजपासून एक करा: पहिली मुंगी जाणवली की त्याच क्षणी पेडलवर उभ्या राहा. 'पुढच्या गावापर्यंत' असं म्हणायचं नाही. उभं राहूनही पाच-सात मिनिटांत परत मुंग्या आल्या तर उतरा आणि चाला. सीटची जागा सुधारेपर्यंत चाळीसच्या वर जाऊच नका.

आता मोजमाप. आंब्याचा मोसम आहे, घरात पुठ्ठ्याचा एखादा रिकामा खोका असेलच. आतून नागमोडी पन्हळ असलेला तो जाड पुठ्ठा आपल्याला हवाय. त्याचा वहीएवढा तुकडा कापा आणि जिन्याच्या फरशीच्या पायरीवर ठेवा. पातळ सलवार किंवा लेगिंग घालून त्यावर बसा. पाय दोन पायऱ्या खाली न सोडता एकाच पायरीखाली ठेवा, म्हणजे गुडघे वर येतील. थोडं पुढे वाका, सायकलवर वाकता तेवढंच, आणि दोन्ही हातांनी पायरीची कड धरून स्वतःला खाली ओढा. अर्ध्या मिनिटाने उठा. पुठ्ठ्यावर दोन खळगे पडलेले असतात. उजेडात दिसले नाहीत तर वर चिमूटभर गव्हाचं पीठ भुरभुरवा आणि हलकेच फुंकर मारा. पीठ खळग्यांत राहतं आणि दोन पांढरे ठिपके उमटतात. एका ठिपक्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत पट्टीने मोजा. हे तुमच्या बैठकीच्या हाडांतलं अंतर. माझं १२२ मिलिमीटर भरलं. माझी भाची अंगाने माझ्या निम्मी आहे, तिचं १३१ भरलं. माणूस जाड की बारीक यावरून या हाडांचा अंदाज लागत नाही, आणि 'लेडीज सीट' असा शिक्का मारलेली सीट प्रत्येक बाईला बसेलच असंही नाही.

या आकड्यात दोन ते तीन सेंटिमीटर मिळवले की सीटची रुंदी मिळते. तुमच्यासारखी ढब असेल, म्हणजे कमरेतून थोडं पुढे वाकून, तर मी अडीच धरते. १२५ आलं तर साधारण १५० मिलिमीटरची सीट. अगदी ताठ बसणाऱ्याला याहून रुंद लागते, खूप वाकणाऱ्याला अरुंद. आधी सायकलबरोबर आलेली मूळ सीट माळ्यावरून काढून मोजा. बऱ्याचदा तीच बरी निघते.

गुबगुबीत सीटने त्रास वाढला याचं तुम्हाला आश्चर्य वाटलंय. कणकेच्या गोळ्यात दोन बोटं खुपसून बघा. बोटं आत जातात आणि त्यांच्या मधली कणीक वर येते. हाडं गादीत रुतली की मधली गादी अशीच वर येते आणि नेमकी नाजूक जागीच टेकते. दहा किलोमीटर छान वाटतं, कारण तोवर रुतणं पुरं झालेलं नसतं. लांबच्या पल्ल्यासाठी सीट बऱ्यापैकी टणक हवी. हाडांना टेकायला खरोखरचा आधार मिळाला की मऊ भाग मोकळा राहतो. जुन्या काळ्या सायकलींवर रुंद स्प्रिंगची सीट असायची आणि दूधवाले त्यावर रोज मैलोन्मैल जायचे, हे खरंय. पण ते हँडल उंच धरून कण्याने ताठ बसायचे, त्यामुळे सगळं वजन मागच्या रुंद भागावर यायचं. तुम्ही पुढे वाकून बसता. त्या ढबीला ती सीट घातली की तिच्या रुंद कडा प्रत्येक फेऱ्याला मांडीला घासतात. तासाला पाच हजारांच्या आसपास फेरे होतात. जांघ सोलवटणार नाही तर काय होणार?

आणि एक गोष्ट, जी मला वाटतं तुमच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची आहे. सीट बदलली की उंची बदलते. मूळ सीटच्या जागी जाड स्प्रिंगची सीट आली की बसण्याची पातळी सहज दोन-तीन सेंटिमीटर वर जाते. जेलच्या कव्हरनेही थोडी जाते. सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची नळी, कुणी हलवलीच नाही, म्हणून उंची तीच आहे असं सगळे धरून चालतात. तुमच्याकडे दर उपायागणिक सीट वर वर गेली असावी असा माझा अंदाज आहे.

सीट उंच झाली की पाय खाली पुरत नाही. पुरवण्यासाठी कंबर एकदा डावीकडे कलते, एकदा उजवीकडे. हे झोके इतके बारीक असतात की चालवणाऱ्याला कळत नाहीत, कातडीला मात्र कळतात. एकाच बाजूला सोलवटणं ही याची जुनी खूण. आपल्यातल्या पुष्कळांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित आखूड असतो किंवा एक कुल्ला घट्ट असतो. सीट बरोबर असेल तर ते खपून जातं, उंच असेल तर एक बाजू सगळं भोगते. हो, आणि सीटचं नाक सायकलच्या दांड्याच्या अगदी सरळ रेषेत आहे ना, तेही वरून डोळा लावून बघा. किंचित तिरकी आवळलेली सीट मी अनेकदा पाहिली आहे.

उंची काढायची ती अशी. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभ्या राहा. पायांच्या मधे जाड पुठ्ठ्याचं पुस्तक उभं धरा आणि सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढं वर दाबा. पुस्तकाच्या वरच्या कडेला कुणाकडून तरी भिंतीवर पेन्सिलीची खूण करून घ्या. जमिनीपासून खुणेपर्यंतच्या उंचीला ०.८८३ ने गुणा. १९८६, १९८९ आणि १९९० अशी तीनदा टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जिंकलेल्या ग्रेग लमाँडमुळे हा हिशेब जगभर गेला. खूण ७४ सेंटिमीटरवर असेल तर उत्तर ६५.३ येतं. क्रँकच्या, म्हणजे पेडल जोडलेल्या दांड्यांच्या, मधल्या बोल्टपासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीटपोस्टच्या रेषेत, एवढं अंतर ठेवा. हा हिशेब शर्यतीच्या माणसांचा आहे. माझ्या-तुमच्यासारख्यांना तो थोडा उंच पडतो, म्हणून मी त्यातून आणखी अर्धा ते एक सेंटिमीटर कमी करून सुरुवात करायला सांगते.

मग खात्री करा. सायकल भिंतीला टेकवा, नेहमीचे बूट घालून वर बसा, पेडल सर्वांत खाली नेऊन त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ व्हायला हवा, पण त्यासाठी कंबर कलता कामा नये. टाचेच्या जागी चवडा ठेवला की गुडघ्यात आपोआप पंचवीस ते पस्तीस अंशांचा बाक येतो, तो हवाच. नंतर मोकळ्या रस्त्यावर कुणाला तरी मागे उभं करा आणि तुम्ही लांब जात असताना मोबाइलवर मागून शूटिंग घ्यायला सांगा. कुर्ता नको, अंगाबरोबरचा टी-शर्ट घाला. घरी ते हळू चालवून बघा. कमरेचा पट्टा तराजूच्या दांडीसारखा वर-खाली होत असेल तर सीट अजून पाच मिलिमीटर खाली घ्या. पुढून गुडघा दुखायला लागला तर फार खाली गेली, गुडघ्याच्या मागे ओढ लागली तर अजून उंच आहे. बरी जागा सापडली की सीटपोस्टला इलेक्ट्रिशियनची काळी टेप गुंडाळून खूण करून ठेवा. सर्व्हिसिंगला सायकल दिली की दुकानात सीट हमखास खालीवर होते. सीटपोस्टवर कमीत कमी आत ठेवण्याची रेघ असते, ती कधीही बाहेर दिसू देऊ नका.

उंचीला दोन राइड द्या. त्या दोन राइडमध्ये दुसरं काहीही बदलायचं नाही. एकाच वेळी तीन बोल्ट फिरवले की कशाने बरं वाटलं तेच कळत नाही. एक छोटी वही ठेवा: तारीख, किती किलोमीटर, काय बदललं, कुठे दुखलं, कितव्या किलोमीटरला. तुम्ही बँकेतल्या आहात, नोंदी ठेवणं तुम्हाला जड जाणार नाही.

नंतर सीटचा कल. सायकल सपाट जागी उभी करून सीटवर गवंड्याची पाणसळ ठेवा, किंवा मोबाइलमध्ये लेव्हल असते ती. सुरुवात अगदी सपाट. समोरच्या भागावर दाब जाणवला तर नाक एक अंश खाली, फार तर दोन. पुष्कळ जणी दाब चुकवायला नाक चांगलं पाच-सहा अंश पाडतात. मग अंग सारखं पुढे घसरतं, ते हातांनी मागे रेटून धरावं लागतं, आणि तळव्यांना मुंग्या येऊन खांदे भरून येतात. एक दुखणं जाऊन दुसरं पदरी. तसं झालं तर समजा, कलाने सुटणारा प्रश्न हा नव्हे.

पुढे-मागे करायला ओळंबा लागतो. दोऱ्याला एक नट बांधला की झाला. क्रँक आडवे करा, पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीखालून दोरा सोडा, तो पेडलच्या कण्यावरून जावा. हा नियम फक्त सुरुवातीपुरता. कीथ बाँट्रेगरसारख्या नाणावलेल्या सायकल-कारागिरानेही याला शास्त्राधार नाही हे दाखवून दिलंय. पण अंदाजापेक्षा बरा. त्यानंतर हात सांगतील ते ऐका. तळव्यांवर फार भार येत असेल तर सीट थोडी मागे, अंग सीटच्या टोकाकडे आपोआप सरकत असेल तर थोडी पुढे. सीट मागे सरकवली की पेडल थोडं लांब पडतं, तेव्हा उंची परत तपासा.

मात्र सीटच्या टोकावर येऊन बसायची सवय सुटतच नसेल, तर डोळे सीटवरून काढून हँडलकडे बघा. बायकांना दुकानात साठ्यात असेल त्या मापाची सायकल दिली जाते आणि ती बऱ्याचदा अंगापेक्षा लांब असते. हँडलपर्यंत पोचायला बाई पुढे सरकते, हाडं रुंद भागावरून निसटतात आणि सगळं वजन सीटच्या अरुंद नाकावर येतं. अशा वेळी जगातली कुठलीही सीट उपयोगाची नाही. हँडल धरणारी स्टेम तीन-चार सेंटिमीटर आखूड टाकली किंवा हँडल थोडं वर घेतलं की प्रश्न सुटतो. खर्चही नव्या सीटपेक्षा कमी.

एवढं करून पुठ्ठ्याचा आकडा आणि घरातली सीट जमत नसेल, तर मग खुशाल नवी घ्या. मधे खाच असलेली सीट अनेकींना मानवते. काहींना खाचेच्या कडाच रुततात. म्हणून बदलून देणारं दुकान शोधा, किंवा ग्रुपमधल्या कुणाची तरी आठवडाभर मागून घ्या. किमतीवरून आराम ठरत नाही. चामड्याची सीट अंगाला छान बसते, पण तिला मुरायला पाचशे-हजार किलोमीटर लागतात आणि पावसात ती भिजून ढिली पडते. आषाढीच्या तोंडावर तिच्या वाटेला जाऊ नका.

कपड्यांचं थोडक्यात. पॅडची सायकलिंग शॉर्ट हवी, आणि तिच्या आत काही घालायचं नाही. हे सांगितलं की बायका माझ्याकडे बघत राहतात, पण आतल्या कपड्याची शिवणच जांघ कापते. वरून सैल पँट घाला, कुणाला काही कळत नाही. निघण्यापूर्वी जांघेला खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली, पावडर नको, घामात तिचे खडे होतात. शॉर्ट प्रत्येक राइडनंतर धुवायचीच आणि घरी पोचल्या पोचल्या काढायची. ओल्या शॉर्टवर चहा पीत बसलं की केसतोड होतं. राइडच्या आदल्या दिवशी तिथले केस काढू नका, त्यानेही केसतोड होतं. पाळीत सॅनिटरी पॅडच्या कडा फार घासतात. मेन्स्ट्रुअल कप जमत असेल तर त्याचा मोठा आधार होतो, पण राइडच्या दिवशी पहिला प्रयोग करू नका. आणि पाणी पीत राहा. रस्त्यात बायकांसाठी जागा नसते म्हणून आपण पाणीच पीत नाही, मग लघवीला जळजळ सुरू होते आणि दोष सीटवर येतो. मोठ्या पेट्रोलपंपांवरची स्वच्छतागृहं आधीच हेरून ठेवा.

तुमच्या वयात आणखी एक होऊ शकतं. पाळी जायच्या आसपासच्या वर्षांत तिथली कातडी पातळ आणि कोरडी होते, लवकर सोलवटते. शरीर या कामाचं नाही, असा त्याचा अर्थ नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ त्यावर साधं मलम देऊ शकतात. बधिरपणा राइडनंतर काही तासांत गेला नाही, योनीच्या ओठांना एका बाजूने सूज राहिली, गाठ लागली, किंवा केसतोड वाढून ताप आला, तर वही, पाणसळ सगळं ठेवून द्या आणि डॉक्टरांकडे जा. सांगताना "सायकल चालवते, आठवड्याला इतके किलोमीटर" हे आवर्जून सांगा.

ग्रुपबद्दल तुम्ही संकोचाने लिहिलंत. मला वाटतं, त्या बारांतल्या निम्म्यांना तरी बधिरपणाचा त्रास होत असणार आणि तेही 'पाय दुखतायत' म्हणत असणार. सगळ्यांपुढे काही सांगायची गरज नाही. ग्रुप चालवणाऱ्या दादांना एवढंच म्हणा: "दादा, माझी सीट उंच आहे असं वाटतंय. रविवारी मागून माझं शूटिंग घ्याल का, आणि दर पंधरा मिनिटांनी सगळ्यांनीच अर्धा मिनिट उभं राहून चालवू या का?" अवयवाचं नाव न घेता कामाचं बोलणं होतं. आणि घरच्यांना वहीतले आकडे दाखवा. पहिल्या पानावर ४० आणि सहाव्या पानावर ९० दिसलं की 'कशाला हवंय' हा प्रश्न जरा मवाळ होतो, हा माझा अनुभव आहे.

सीटवर किती वजन पडतं हे पायांवरही अवलंबून असतं. पेडलवर जोर असतो तेव्हा अंग किंचित उचललेलं राहतं. दमलेला माणूस हलक्या गिअरवर पाय नुसते फिरवतो आणि पोत्यासारखा सीटवर बसतो. म्हणून सत्तर किलोमीटरनंतर दुखणारी सीट सकाळी सातला दुखत नाही. अधूनमधून एक गिअर जड करून मिनिटभर जोर लावा. गतिरोधक आणि रंबलर पट्ट्यांवर नेहमी उठून, गुडघे ढिले ठेवून जा. टायरमध्ये हवा दगडासारखी भरू नका, टायरच्या कडेला लिहिलेल्या मर्यादेच्या आत थोडी कमी ठेवा. आणि पल्ला दर आठवड्याला दहा-पंधरा किलोमीटरनेच वाढवा. वारीच्या तीन आठवडे आधी शंभर जमले तर पंढरपूर जमेल. सत्तरलाच अडलात तर यंदा अर्ध्या वाटेपर्यंत सायकलने आणि पुढे गाडीने गेलात तरी विठोबा रुसणार नाही.

त्या दिवसाचंही सांगते, कारण तुमचा रस्ता सीटच्या दृष्टीने फसवा आहे. कोरेगाव सोडलं की वर्धनगडचा घाट येतो. सगळे त्याची धास्ती घेतात, पण घाटात आपण आपसूक उभे राहतो, त्यामुळे तो अंगाला बरा. खरा कस घाट संपल्यावर. पुसेगाव, दहिवडी, म्हसवड, पिलीव, सगळा माळ, रस्ता लांबच लांब. उठायला काही कारणच मिळत नाही, आणि तास-तास एकाच जागी बसून राहतो. तिथे मोबाइलवर दर पंधरा मिनिटांचा गजर लावा. आषाढात साताऱ्याकडे पाऊस असतो आणि घाट ओलांडला की माण-खटावचा कोरडा मुलूख लागतो. म्हणजे वर्धनगडापर्यंत तुम्ही भिजलेल्या असाल आणि पुढे ऊन. ओल्या पॅडवर उरलेले शंभर किलोमीटर काढू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत दुसरी शॉर्ट, छोटा पंचा आणि खोबरेल तेलाची डबी ठेवा, आणि पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या देवळाजवळ थांबाल तेव्हा आडोसा बघून अंग कोरडं करून ती बदला.